वकिलाच्या हातातला दोरा

डोंगरवेढ्याचे झुंजारराजे मिशांनी लांब आणि उंचीने आखूड. शेजारच्या सरदारांच्या मुलीला, मैनावतीला, मागणी घालताना त्यांनी स्वतःचं भिंतभर चित्र पाठवलं. चितारी जुन्या रीतीचा. चित्राखाली तो आडवी पट्टी काढायचा आणि 'एवढी लांबी म्हणजे खरा एक हात' असं लिहायचा. राजांना ती नक्षी वाटली.

चित्र उलगडून राजांचा वकील सरदारांना म्हणाला, "असा जावई शोधून सापडायचा नाही. राजांची अट एकच, नवरी खांद्याच्या वर जाता कामा नये. नकार दिलात, तर सरहद्दीवरची गावं आमची."

सरदारांच्या तोंडचं पाणी पळालं. मैनावतीने बसल्या बसल्या दासीला दोरा दिला. दासीने तो पट्टीएवढा तोडला आणि चित्रातल्या राजांना लावून पाहिला. तीनदा बसला, तोही पागोट्यासकट.

मग मैनावतीने आपलं वीतभर चित्र मागवलं. त्याखालीही तशीच पट्टी होती.

"एवढीशी?" वकील खूश झाला. "राजांना चालेल."

"पट्टीएवढा दोरा घ्या आणि मोजा."

वकिलाने मोजलं. दोरा चारदा बसला. तेव्हा मैनावती उठून उभी राहिली आणि वकिलाला मान वर करावी लागली.

"राजांना सांगा, आमचा होकार आहे," ती म्हणाली. "खांद्याची अटही कबूल. फक्त खांदा आमचा धरावा लागेल."

राजांनी पुढे ना नवरी मागितली, ना गावं. भिंतभर चित्र परत न्यायलाही कोणी आलं नाही.