अर्ध्यावर उघडणारा दरवान

कोठारातले हापूस गायब झाले, आणि आळ आला राखणदार सोनबावर!

"दिवस मावळायच्या आत गाशा गुंडाळ आणि राज्याबाहेर हो!" चंद्रसेनराजे कडाडले.

सोनबा गाशा गुंडाळायला वळला. उभा जन्म त्याचा राजांच्या आमराईत गेलेला! त्याची लेक बकुळा मात्र पदर खोचून पुढे झाली.

"महाराज, आबांनी सालसुद्धा उचललेली नाही!"

"मग काय दाराने आंबे खाल्ले?"

आता हे दार साधंसुधं नव्हतं बरं का! राजांच्या पदरी हत्ती होते, घोडे होते, आणि हौसेला मोल नाही म्हणून वाड्यात खोलीखोलीत कॉम्प्युटरही होते. कोठार उघडायचं तर कॉम्प्युटरवरून हुकूम सोडायचा. हुकूम कुठून आला ते तपासायला राजांनी स्वतः बसून एक प्रोग्राम लिहिला होता. त्याला ते कौतुकाने 'दरवान' म्हणत. प्रत्येक कॉम्प्युटरला नेटवर्कवरचा आपापला पत्ता, म्हणजे ठिपके देऊन लिहिलेले चार आकडे. राणीसाहेबांचा पत्ता होता १०.५.२.१. तिथून हुकूम आला तरच दार उघडायचं. बाकी कुणी कितीही डोकं आपटलं तरी दार ढिम्म!

"दार उघडलं ते राणीसाहेबांच्याच पत्त्यावरून," राजे म्हणाले. "आणि राणीसाहेब म्हणतात, मी हुकूम सोडलाच नाही. दरवान चुकणार नाही, तो मी लिहिलाय! मग त्यांच्या खोलीत आंबे घेऊन जाणारा उरला कोण? तुझा बाप!"

"आणि दुसऱ्याच कुणी दार उघडलं असेल तर?"

"असं? मग राणीसाहेबांच्या पत्त्यावर नसलेला, आणि तरी राणीसाहेबांच्या पत्त्यावर असलेला माणूस आणून उभा कर! नाहीतर बापाबरोबर तूही चालू लाग!"

दरबार खो खो हसला. सगळ्यात मोठ्याने हसले ते राणीसाहेबांचे बंधू धैर्यशीलराव. त्यांच्या मिशीचं टोक पिवळंधमक होतं. बकुळेने ते बघून ठेवलं.

पण तिची जीभ कुठली गप्प बसतेय! "महाराज, एवढंच सांगा. आपला दरवान पत्ता शेवटपर्यंत ऐकतो का हो?"

"कशाला ऐकायचा? राणीसाहेबांचा पत्ता कानावर पडला की उघडतो दार! वेळ कशाला घालवायचा?"

बकुळा गालातल्या गालात हसली. राजांचा स्वभाव अख्ख्या गावाला ठाऊक होता. समोरच्याचं बोलणं निम्म्यावर आलं की ओरडायचे, "कळलं! मंजूर!" आणि त्या दरबारात एकदा मंजूर झालेलं फिरवायचं नाही, अशी रीत. मागे एक म्हातारा "महाराज, घोडा आडवा आला नि माझा पाय मोडला" असं सांगायला आला होता. 'घोडा' म्हणेस्तोवर "कळलं! मंजूर!" बिचारा लंगडत लंगडत घोडा घेऊन घरी गेला!

"महाराज," बकुळा हात जोडून म्हणाली, "राज्य सोडायच्या आधी एक मागणं आहे. एक हापूस आंबा द्या—"

"कळलं! मंजूर!"

"—गावातल्या प्रत्येक घराला, मोसम संपेपर्यंत, रोज!"

राजे ताडकन उठले. "अगं ए! मी एक आंबा मंजूर केला! पुढचं मी ऐकलंच कुठे?"

"मग आपल्या दरवानाने तरी कुठे ऐकलं, महाराज?"

बकुळा धैर्यशीलरावांकडे वळली. "रावसाहेब, आपल्या कॉम्प्युटरचा पत्ता काय हो?"

रावसाहेब खाकरले. राजांनी डोळे वटारले तेव्हा कुठे पुटपुटले, "१०.५.२.१४."

"चौदा लिहिताना आधी एकच येतो ना, महाराज? तेवढा एक आला, की दरवान म्हणतो कळलं, मंजूर! मागचा चार बिचारा दाराबाहेरच उभा! हे घ्या, राणीसाहेबांच्या पत्त्यावर नसलेले, आणि दरवानाच्या लेखी तिथेच असलेले!"

राजांनी लगेच रावसाहेबांच्या खोलीतून हुकूम सोडायला लावला. कोठाराचं दार खाडकन उघडलं!

"आता या दरवानाला काय करू, पोरी?"

"चारही आकडे शेवटपर्यंत ऐकायला शिकवा. मग आकड्याला आकडा लावून बघू दे. एक म्हणजे एक, चौदा म्हणजे चौदा!"

राजांनी सोनबाला जवळ बसवून घेतलं. रावसाहेबांना घरोघरी आंबे वाटायच्या कामाला जुंपलं. मग ते म्हणाले, "बकुळे, आमराईतलं सगळ्यात गोड झाड तुला—"

"कळलं, महाराज! मंजूर!"

"अगं बये, 'तुला दाखवतो' म्हणणार होतो मी!"

"पुढचं मी ऐकलंच कुठे?"

राजांना असं हसू फुटलं, की मुकुट घरंगळत सोनबाच्या मांडीवर आला. आणि मंजूर झालेलं फिरवायचं नाही, तेव्हा झाड बकुळेचंच झालं!