सांगणीचा टेक

तो समोर बोडका टेक दिसतोय ना, त्याला सांगणीचा टेक म्हणतात. चला वर. चपला काढू नका, देऊळ नाही तिथं. देव नाही, समाधी नाही, साधी पाटीसुद्धा नाही. पण पायवाट बघा कशी घोट्याएवढी खोल गेलीय. ती आमच्या सिदनहट्टीच्या बायकांच्या पायांनी गेलीय. गावात कुणाचीही कुत्री व्याली, की बाराव्या दिवशी त्या घरची बाई पिल्लं घोंगडीत घेऊन इथं चढते, उत्तरेकडं तोंड करते आणि मोठ्यानं सांगते, आई कोण आणि बाप कोण. खाली सगळं गाव कान देऊन ऐकतं.

मघाशी तुम्ही विचारलंत, "तात्या, पिल्लू अस्सल जातीचं आहे ना? कागद आहेत का?" तेव्हा मी हसलो, राग मानू नका. कागद काय, बकरी खाते. आमच्याकडं कागद नाही, पण खोटंही नाही. ते असं का, हे आधी ऐका, मग पिल्लू न्यायचं का नाही ते ठरवा. बसा त्या दगडावर.

फार जुनी गोष्ट. माझ्या आज्याच्या आज्यालाही ती जुनीच वाटायची. त्या काळी उत्तरेकडून घोडे विकणाऱ्यांचे कारवान या माळावरून जायचे. त्यांच्याबरोबर ही उंच, निमुळत्या तोंडाची, पळणारी कुत्री असायची. कारवानाची म्हणून कारवानी, असं आमचे लोक सांगतात. एका साली नियाजखान नावाचा सौदागर इथं उतरला. त्याची लाडकी कुत्री रेशम पोटुशी होती आणि बाभळीच्या काट्यानं तिचा पंजा सुजून वांग्याएवढा झाला होता. तिला पुढं चालवेना.

टेकाखाली मायाप्पा धनगराची मेंढरं बसायची. त्याची बायको लगमव्वा. ती पोरकी होती. आईबाप लहानपणीच गेले, भाऊ नव्हता. नागपंचमीला साऱ्या बायका माहेरी गेल्या, की ही मेंढरांपाशी एकटी बसायची. लोक म्हणायचे, लगमव्वाला माहेर नाही, म्हणून तिच्या जात्यावरच्या ओव्या अर्ध्यावर तुटतात.

खानानं रेशमला तिच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाला, "बहन, हिला तुझ्या हवाली करतो. पुढच्या साली ज्वारी हुरड्यावर आली की येतो. पिल्लं तुझी-माझी निम्मी. एकच सांगणं. हिच्या रक्तात दुसरं रक्त येऊ देऊ नकोस."

बहन! आता तुम्हाला त्यात काय वाटणार? तुम्हाला दिवसातून दहा जण ताई म्हणत असतील. लगमव्वाला जन्मात पहिल्यांदा कुणी बहीण म्हटलं होतं. तिनं तिथल्या तिथं बिरोबाचा भंडारा उचलला आणि शपथ घेतली. कारवान निघाला, धूळ बसली, तरी ती वाटेकडं बघत उभी होती म्हणे.

रेशमला चार पिल्लं झाली. दोन नर, दोन माद्या. पंजा बरा झाला. वर्षाच्या आत ती पिल्लं अशी पळायला लागली, की मेंढरात शिरलेला लांडगा माळ ओलांडायच्या आत गाठायची. हुरडा आला. लगमव्वानं टेकावर बसून वाट बघितली. ज्वारीची चार कणसं भाजून वेगळी ठेवली होती भावाला. शेजारी रेशम, पुढचे पाय पसरून, तोंड उत्तरेकडं. खान आला नाही. दुसऱ्या साली आला नाही. तिसऱ्या सालीही नाही.

आता बघा, माणूस चुकतो तो कुठं चुकतो. धनगराला कुणी शिकवायला लागत नाही, की एकाच कळपातला नर पिढ्यान्‌पिढ्या वापरला तर कळप खचतो. मेंढा परगावचा आणायचा, ही आमची बाळकडूबरोबर घेतलेली अक्कल. पण लगमव्वानं शब्दापायी ती अक्कल गुंडाळून ठेवली. मादी माजावर आली, की ती काट्याचं कुंपण घालायची, गावची कुत्री दगड मारून हाकलायची आणि भावाशीच बहिणीची जोडी लावायची. मग त्यांच्या पिल्लांची एकमेकांत.

मायाप्पा म्हणायचा, "अगं खुळे, मेंढरात असं करशील का?"

ती म्हणायची, "मेंढरं माझी हायत. ही माझी न्हाईत. ठेव हाय ती."

व्हायचं तेच झालं. एका वेतात बहिरं पिल्लू निघालं. पुढच्यात मागचे पाय लुळे. मग नुसतीच मेलेली पिल्लं. नर एक लांडग्यानं फाडला, एक रोगानं गेला, उरलेला कामाचा राहिला नव्हता. शेवटी सारी मिळून दोनच कुत्री धड राहिली. म्हातारी रेशम आणि तिची नात कवडी. आणि कवडी माजावर आली होती.

लगमव्वापुढं पेच पडला. शब्द पाळावा तर वंश बुडतो. मोडावा तर जगातला एकुलता एक भाऊ तुटतो. तिला दोन दिवस भाकर गेली नाही. दिवसभर कुंपणाला पाठ लावून बसायची आणि वाट बघायची, की आता तरी उत्तरेला धूळ दिसेल, दादाच येईल आणि त्याच्याबरोबर नर येईल. धूळ दिसायची. ती वावटळीची असायची.

तिसऱ्या दिवशी दिवस मावळताना रेशम नेहमीसारखी टेक चढली. तिला धाप लागत होती, म्हणून लगमव्वाही मागं गेली. रेशम आपल्या जागेवर बसली, वाटेकडं बघितलं आणि हळूच मान टाकली. गेली. डोळे उघडेच होते, असं सांगतात. लगमव्वा तिचं डोकं मांडीवर घेऊन तोंडात पदर कोंबून रडली. हिनं इतकी वर्षं वाट बघितली, हिचा धनी आला नाही. आणि उद्या आलाच, तर मी त्याच्या हातात काय देऊ? मोडलेला शब्द निदान कबूल करता येतो. बुडालेला वंश कुठून आणायचा?

ती खाली उतरली. आपल्या हातानं कुंपणाचा काटा बाजूला केला आणि मेंढरांवरच्या काळ्याला आत सोडलं. काळ्या म्हणजे धनगरी कुत्रा, अंगानं दांडगा, एक कान लांडग्यानं खाल्लेला. जात विचाराल तर माळावरची.

दोन महिन्यांनी कवडी व्याली. सहा पिल्लं, सहाही जिवंत, सहाही ओरडणारी. मायाप्पानं गूळ वाटला. लगमव्वानं गुळाला हात लावला नाही. बाराव्या दिवशी तिनं पिल्लं घोंगडीत बांधली, भंडारा घेतला आणि टेकावर आली. आणि गळ्याच्या शिरा ताणून ओरडली.

"नियाजखान दादा! कवडीला सहा पिल्लं झाली रं! आईकडनं तुझ्या रेशमची. बाप आमचा काळ्या. शब्द मोडला मी. लपवत न्हाई. ये, बघ, आन् काय शिक्षा द्यायची ती दे. पर ये!"

खाली माणसं हातातलं काम टाकून उभी राहिली. लगमव्वा कान देऊन थांबली. कुणी सांगतात, लांबून घोडा खिंकाळला. माझी आई म्हणायची, काही ऐकू आलं नाही, नुसता वारा होता. मी आईचं खरं मानतो.

पण पुढचं सगळेच सांगतात. त्या सहातली एक मादी तीन महिन्यांची झाली आणि एका संध्याकाळी कळपातून निघून आपली आपण टेकावर आली. तिला कुणी वाट दाखवली नव्हती. रेशमला तिनं पाहिलंही नव्हतं. ती नेमकी रेशमच्या जागेवर बसली, पुढचे पाय पसरून, तोंड उत्तरेकडं. मायाप्पानं ते बघितलं आणि म्हणाला, "लगमे, रडू नगंस. वळख हाय हिला." तेव्हा कुठं लगमव्वानं पिल्लाला पोटाशी धरलं.

खान कधीच आला नाही. मेला, का वाट बदलली, का विसरला, देव जाणे. लगमव्वा मात्र दर वेताला चढत राहिली. आपल्या सुनेला तिनं सांगून ठेवलं होतं, की मी गेल्यावर तू सांग, आणि आहे तेच सांग. बाप ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हण. आलाच कधी तो, तर त्याला वाटू नये की बहिणीनं फसवलं.

म्हणून आजही सिदनहट्टीत कुत्र्याच्या रक्ताबद्दल कुणी खोटं बोलत नाही. तुम्हाला आवडलेल्या त्या पिल्लाच्या आईची जी आई, तिचा बाप कोण ते आम्हाला ठाऊक नाही. हे सगळ्या गावानं ऐकलंय. पटलं तर न्या, नाहीतर चहा घ्या आणि सुखानं जा.

आणि तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो. सांगायचं काम बाईचं. आमच्या घरी ते सुगलव्वा करायची, माझी बायको. चाळीस वर्षं. गेल्या चैत्रात ती गेली. या वेताला शेजारची म्हणाली, मी जाते तात्या. मी म्हटलं, नको. बाराव्या दिवशी मीच घोंगडी घेऊन चढलो. लाज वाटत होती, खालून पोरीबाळी बघत होत्या. ओरडलो. आई अमकी, बाप तमका, पाच पिल्लं, सगळी धड. खानाला सांगायचं ते सांगून झालं.

मग खाली उतरवेना. तसाच उभा राहिलो आणि हळू आवाजात म्हटलं, "सुगले, पाच झाली गं."

उत्तर यायचं नव्हतं, हे मला काय कळत नाही? पण दिवस मावळेपर्यंत मी थांबलो.