धड्याखालचे शून्य

एका विद्यापीठात खांबेटे नावाचे भूगोलाचे प्राध्यापक होते. माणूस विद्वान. त्यांचा दरारा एवढा, की वर्गात कोणी चकार शब्द काढत नसे.

त्या विद्यापीठात धडे, गृहपाठ, गुण असे सगळे एका संगणक प्रणालीवर चाले. ती जुनी झाली, म्हणून कुलगुरूंनी नवी आणली. झाले! कुणाला बटण सापडेना, कुणाचे गुण भरले जाईनात. एरवी चहाच्या वेळेवरही ज्यांचे एकमत होत नसे, ते प्राध्यापक आता एका सुरात कुरकुरू लागले.

खांबेटे सरांचे दुखणे मात्र वेगळे होते. प्रत्येक धडा किती मुलांनी शेवटपर्यंत वाचला, हे नवी प्रणाली त्या धड्याखाली दाखवी. सरांच्या धड्यांखाली ओळीने शून्य! त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "यंत्र धडधडीत खोटं बोलतंय," असे म्हणत त्यांनी जुनी प्रणाली परत आणण्याची मोहीमच उघडली. नाचता येईना अंगण वाकडे, हे त्यांना तोंडावर सांगणार कोण?

कुलगुरू शांत स्वभावाच्या बाई होत्या. त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही सर्वांत ज्येष्ठ. उद्याच्या सभेत तुम्ही सांगाल तसं करू."

सभेत पुरावा हवा, म्हणून सर वर्गात गेले. "काय रे, माझे धडे तुम्ही वाचता ना?"

गंधाली दुसाने नावाची विद्यार्थिनी उभी राहिली. "सर, पहिलं पान वाचतो. पुढचं कळत नाही."

"मग विचारायचं नाही का?"

"विचारलं होतं, सर. तुम्ही म्हणालात, धड्यात लिहिलंय, वाचा."

सरांना मनापासून लाज वाटली. पण उद्या एक शब्द उच्चारला, की प्रणालीही जाणार होती आणि ते शून्यही. मग कुणाला काही कळलेच नसते.

दुसऱ्या दिवशी सभेत सर उभे राहिले. "नव्या प्रणालीत गुण भरायला त्रास होतो, तेवढं दुरुस्त करून घ्या. पण मला ती नको होती, ते त्यासाठी नव्हे. मुलं माझे धडे वाचत नाहीत, हे तिने मला सांगितलं, म्हणून नको होती."

शेजारचे प्राध्यापक हळूच म्हणाले, "अहो सर, आपलं ठरलं काय होतं!"

"प्रणाली राहू द्या," सर म्हणाले. "धडे मी बदलतो."

सरांनी पहिला धडा नव्याने लिहिला. आठवड्याने पाहिले, तर त्याखालीही शून्यच! या वेळी मात्र ते यंत्राला काही बोलले नाहीत. वर्गात जाऊन त्यांनी विचारले, "कुठे अडलं?"

एक हात वर झाला, आणि पाठोपाठ साऱ्या वर्गाचे.

तात्पर्य: उणीव दाखवणाऱ्याला घालवून दिले, तरी उणीव आपल्यापाशीच राहते.