वेलीचा उठाव

एकदा एका वृद्ध चित्रकाराकडे शाल्मली नावाची तरुणी संगणकावर चित्रजुळणी, म्हणजे एका चित्रात दुसरे बेमालूम बसवणे, शिकत होती. हात तिचा चांगला होता. जीव मात्र कधी थाऱ्यावर नसे; जो जे सांगेल, तिकडे तो धावे.

एके सकाळी तांब्याच्या भांड्यांचा एक व्यापारी आला. देवस्थानासाठी कलश घडवण्याचे काम त्याला हवे होते. साध्या कलशाचा फोटो त्याच्यापाशी होता. त्यावर ठोकून वर आणलेली उठावाची वेल कशी दिसेल, ते संध्याकाळी विश्वस्तांना दाखवायचे होते. काम गेले तर त्याचे कारागीर रिकामे बसले असते. गुरूंनी ते चित्र शाल्मलीकडे सोपवले.

तिने कलशावर वेल बसवली, प्रत्येक पानाला एका कडेने उजेड आणि दुसऱ्या कडेने सावली दिली. पाने वर आली, पण धातूची वाटेनात, चिकटवल्यासारखी दिसत. सोबतच्या विद्यार्थ्याने सावली गडद करायला सांगितली, तिने केली. व्यापाऱ्याला फुले अधिक उठावदार हवी होती. तिने त्यांच्यावर दुसऱ्या बाजूने उजेड टाकला. मग देठ फिके वाटले, म्हणून तेही तिसऱ्याच बाजूने उजळले. दुपार कलली तरी तिचा हात थांबेना आणि चित्र जमेना. शेवटी रडकुंडीला येऊन तिने गुरूंना सांगितले, की हे काम दुसऱ्या कुणाला द्या.

गुरूंनी पडद्यावरचे चित्र उलटे फिरवले. शाल्मली दचकली. वर आलेली पाने आता खळग्यांसारखी आत गेली होती.

“उठाव तू केलेला नाहीस,” गुरू म्हणाले. “चित्र सपाटच आहे. तू उजेड आणि सावली ठेवतेस. उठाव पाहणाऱ्याचे मन करते. उजेड वरून येतो, असे ते धरून चालते. म्हणून उलटे केले की तेच पान खोल दिसते. पण तुझ्या पानांवर उजेड वरून डावीकडून आहे, फुलांवर वरून उजवीकडून, देठांवर भलतीकडूनच. ज्याने जे सांगितले, त्याच्यासाठी तू नवा दिवा लावलास. मनाने विश्वास ठेवावा तरी कशावर?”

“मग उजेड कुठून घेऊ?”

“ते मला विचारू नकोस. कलशाची सावली कुठे पडली आहे, ते पाहा.”

तिने चित्र सरळ केले. कलशाची सावली डावीकडे पडली होती. सकाळपासून ती तिथेच होती. शाल्मलीने सगळा उजेड पुसला. एवढ्या मेहनतीवर पाणी का फिरवता, म्हणून व्यापारी कासावीस झाला. ती या वेळी मागे वळली नाही. साऱ्या वेलीवर तिने वरून उजवीकडून एकच मंद उजेड घेतला. डावीकडची दोन पाने सावलीत जवळजवळ बुडाली. ती वर काढायला तिचा हात शिवशिवला, पण तिने तो आवरला.

दुसऱ्या दिवशी व्यापारी सांगत आला, की कलश तयार होता तर फोटो कशाला, तोच का आणला नाही, असे विश्वस्तांनी विचारले. तो अजून घडायचा आहे हे कळल्यावर त्यांनी काम त्यालाच दिले. बऱ्याच दिवसांनी शाल्मलीला स्वस्थ बसावेसे वाटले.

प्रत्येकाच्या सांगण्यावरून उजेडाची दिशा बदलणाऱ्याचे जगणे इतरांना खरे वाटत नाही, आणि त्याला स्वतःलाही.