भिंतीतली राणी

घसा बसलाय माझा. सून म्हणते, "मामंजी, तोंडानं नको तर कागदावर उतरवा, पण तीच गोष्ट पाहिजे." चौथीत शाळा सोडलेल्या माणसानं आता कागद काळे करायचे? करतो. पण मधेच कुणी शंका काढली तर तिथंच थांबेन, आधीच सांगून ठेवतो.

एका राज्यात राजा साप चावून मेला. मागं दोन लेक. थोरला जैत्रसेन, धाकटा चंद्रकेत. थोरला सीमेवर लढत होता. खबर ऐकून घोडा फेकीत आला, तर चिता पेटलेली आणि अग्नी धाकट्यानं दिलेला! थोरल्या लेकाचा मान, थोरल्याविना उरकला. चितेसमोरच दोघे एकमेकांवर धावले.

त्या मसणवटीत एक मांत्रिक झोपला होता. तो उठला नि गरजला, "बापाची राख निवली नाही आणि भांडता? भावापुढं आपलं गाऱ्हाणं मांडाल, तर शब्दाचा दगड होईल!" पुढंही तो काही बोलला, पण लोक कानांवर हात ठेवून केव्हाच पळाले होते.

तसंच झालं. भाऊ भावाशी भांडायला लागला की ऐकू काही येईना, तोंडातून धोंडेच पडत. धोंड्यांची रास झाली, राशीची भिंत झाली, राजवाडा मधोमध चिरला. खजिन्यातल्या मोहरांचे विंचू झाले. आणि राणी हेमावती, दोघांची आई, आवरायला मधे गेली ती भिंतीतच अडकली. आधी पावलं दगडाची झाली. मग गुडघे. मग कंबर. दगड रोज वर चढे.

तेव्हा प्रधानानं येसाईला आणलं. येसाईचं काम घरोघरचे तंटे मोडायचं. तिची रीत ठरलेली. बसायचं उंबऱ्यावर, ना आत ना बाहेर. या घरचा शब्द त्या घरी न्यायचा नाही. आणि तंटा मिटेपर्यंत दोन्ही घरच्या पाण्याला शिवायचं नाही. उन्हानं जीभ टाळ्याला चिकटली तरी नाही!

येसाई म्हणाली, "कामं तीन. पहिलं, दोघांना समोरासमोर आणणं."

जैत्रसेन म्हणाला, "आधी तो येऊ दे."

चंद्रकेत म्हणाला, "आधी दादा येऊ दे."

येसाई म्हणाली, "नका येऊ. तुमची आई उन्हात उभी आहे, तिच्यावर छत्र धरायला भिंतीच्या दोन्ही अंगांना एकेक माणूस लागतो. नोकर धाडू का?"

दोघेही धावत आले! भिंतीच्या माथ्यावरून छत्र धरलं नि नजरेला नजर भिडली. थोरल्यानं तोंड उघडलं, धोंडा पडला. धाकट्यानं उघडलं, त्याहून मोठा पडला.

"पुरे!" येसाई ओरडली. "दुसरं काम. आपलं गाऱ्हाणं सांगायचं नाही. समोरच्याचं सांगायचं. बरोबर असेल तर त्यानं मान डोलवायची. दुसऱ्याच्या दुःखाला शाप नाही."

धाकटा म्हणाला, "दादा, मी तुझी वाट पाहिली नाही, हे तुझं दुःख."

दगड पडला नाही! थोरल्यानं मान डोलवली. डोळे भरले त्याचे.

आता थोरल्याची पाळी. "तुला गादी हवी होती." धाकट्यानं मान हलवली, नाही. "मग बाबांनी मला जास्त जीव लावला." नाही. थोरला चिडला, येसाईनं डोळे वटारले, तो पुन्हा बोलला, "तू... तू वाट पाहत होतास?" हो! "मग थांबला का नाहीस? मी येत नाही असा कुणी निरोप दिला?" हो, हो! "कुणाचा निरोप? माझा?" हो!

थोरल्यानं इतक्या जोरानं नाही नाही केलं की मुकुट गडगडत खाली गेला.

"मग निरोप आणला कुणी?" येसाई पुटपुटली. धाकट्यानं आईकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

इतक्यात दगड राणीच्या छातीवरून गळ्यावर चढला. येसाईला घाम फुटला. दोघांना विचारलं, मधे उभी होती तिला कुणी विचारलंच नव्हतं! मधली म्हणून सोडून दिली, ही येसाईची चूक.

भिंतीवर एक टिटवी बसली होती. ती म्हणाली, "शापाचा उरलेला भाग मी ऐकलाय. पण सांगणार नाही. भिंत पडली तर माझी अंडी फुटतील."

"अंड्यांना जागा मी देते. बोल लवकर!"

"मांत्रिक म्हणाला, तोंडातून पडेल तो बाहेर दगड, पोटात दाबाल तो पोटात दगड."

येसाईनं उचलला मुकुट, भरले त्यात खडे, ठेवली अंडी. नि राणीला म्हणाली, "तिसरं काम तुमचं, आईसाहेब. हनुवटी दगडाची व्हायच्या आत बोला!"

राणी म्हणाली, "निरोप मीच दिला. खोटा. सापाच्या विषानं तुमच्या बाबांचा चेहरा काळा पडला होता. जैत्रा, लहानपणी तू मेलेलं पाखरू पाहून महिनाभर झोपला नव्हतास. तू तो चेहरा पाहू नयेस म्हणून घाई केली. मग तुम्ही भांडलात नि मला सांगायची भीती वाटली. दोघांनीही तोंड फिरवलं तर?"

"आई!" दोघे एकदमच म्हणाले.

आणि भिंत कोसळली! धोंड्यांचं पीठ झालं. राणीचे पाय मऊ पडले, ती लेकांच्या खांद्यावर हात ठेवून चालली. विंचवांच्या मोहरा झाल्या. दोन विंचू तसेच राहिले, ते आधीपासूनचेच होते. थोरला गादीवर बसला, तोही बोडक्या डोक्यानं, कारण मुकुटात पिल्लं होती. बापाचं वर्षश्राद्ध धाकट्यानं थोरल्याच्या हातून करवलं. आणि भिंत पडली त्याच दिवशी राणीनं स्वतः तांब्या भरून आणला, तेव्हा येसाई घटाघटा पाणी प्याली.

ती गोष्ट तिथं मिटली. पण पोटात दाबलं की दगड होतो, म्हणून मीही बोलून टाकतो. मागल्या जत्रेत भर पारावर, ऐन शापाच्या जागी उठून "टिटवी कुठं बोलते काय, म्हातारा फेकतोय" म्हणून सगळ्यांना हसवणारा माणूस अजून माझ्या उंबऱ्यापाशी आलेला नाही. पाणी तयार ठेवलंय. त्याचं नाव धोंडिबा काटवटे.