मल्हारीने दादाची सोयरीक जमवली

ढवळी नावाच्या गावात एक भोळा भाऊ होता. नाव मल्हारी. सांगितलेलं तो कधी विसरत नसे. तीच तर पंचाईत होती.

त्याचा थोरला भाऊ सर्जेराव दूर तुर्कस्तानात, इस्तंबूल शहरात आचारी होता. तिथल्या नेस्रिनवर त्याचा जीव जडला. पण मुलीला मागणी घालायला घरचं माणूस लागतं. बाप कधीच गेलेला, आई मागच्या वर्षी गेली. आता घरचं माणूस म्हणजे मल्हारी.

दादाने त्याला बोलावून घेतलं आणि आधी चहाला नेलं. कमरेत बारीक असा काचेचा पेला. मल्हारीने रिकामा केला की वेटर भरी. हा पीत राहिला, तो भरत राहिला.

"दादा, पोट फुटेल रे!"

"येड्या, पुरे झालं की चमचा वर आडवा ठेवायचा. मग कोणी ओतत नाही."

"बरं दादा."

पाहुणा जरा उजळ दिसावा म्हणून दादाने त्याला हमामात, म्हणजे तिथल्या सार्वजनिक न्हाणीघरात, धाडलं. तिथला दांडगा गडी डोक्यावर कढत पाणी ओतू लागला. मल्हारीने चहाच्या वेळचा, पंच्यात खोचून आणलेला चमचा काढला आणि टाळूवर आडवा ठेवला. गड्याने चमच्यावरून ओतलं.

हे ऐकून दादाने कपाळ बडवून घेतलं. "अरे, कोणी अंगावर ओतायला लागलं की कपडे काढून पालथं पडायचं!"

"बरं दादा."

दुसऱ्या दिवशी दोघे नेस्रिनच्या घरी गेले. दारात तिची आई लिंबाच्या वासाचं अत्तरपाणी घेऊन उभी. पाहुण्यांच्या हातावर ते ओतायची तिकडे रीत. तिने बाटली कलती केली. मल्हारीने सदरा काढला आणि उंबऱ्यावर पालथा पडला.

"मावशी, पाठीपासून सुरू करा."

"ऊठ, ऊठ!" दादा कुजबुजला. "इथं मोठी माणसं पुढे करतील ते आधी ओठाला लावायचं, मग कपाळाला."

"बरं दादा."

नेस्रिनच्या बाबांनी, जेमालबाबांनी, हात पुढे केला. मल्हारीने तो ओठाला लावला, कपाळाला लावला. बाबा खूश झाले. मग आईने कॉफीचा कप पुढे केला. मल्हारीने तोही ओठाला लावला, कपाळाला लावला. कॉफी नाकावरून गालिच्यावर आली.

दादा गुडघ्यांवर बसून गालिचा पुसू लागला. पुसता पुसता म्हणाला, "अरे, हात कपाळाला, कप नव्हे! समोर कप आला की मुकाट संपवायचा. तोंड वाकडं करायचं नाही."

"बरं दादा."

आता तिथली एक रीत अशी, की मुलगी नवऱ्यामुलाच्या कॉफीत मीठ घालते. तोंड वाकडं न करता जो पिईल तो जावई. दादाला हे ठाऊक होतं. मल्हारीला सांगायचं राहून गेलं.

नेस्रिनने मिठाची कॉफी आणून दादाच्या जागेपुढे ठेवली. दादा अजून गालिच्यावर. मल्हारीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. समोर कप आलेला. त्याने एका दमात संपवला आणि गोड हसला.

नेस्रिन किंचाळली. पण जेमालबाबांनी नवरामुलगा आजवर कधी पाहिला नव्हता. असा धीराचा जावई बघून त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी मल्हारीला मिठी मारली आणि साखरपुड्याची, लाल फीत बांधलेली अंगठी त्याच्या बोटात सरकवली.

"अरे, नवरा मी आहे!" दादा गालिच्यावरून ओरडला. "मल्हारी, काढ ती अंगठी!"

मल्हारीने त्याच्याकडे रागाने पाहिलं.

"दादा, लोकांच्या घरी आलोय आपण. तोंड वाकडं करू नकोस."