झोपेच्या मंत्राचा अर्थ

साताऱ्यात निनाद सरपोतदारच्या घरी दर रविवारी मित्रमंडळी मांत्रिकांचा आणि राक्षसांचा खेळ मांडायची. प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं, फासे टाकायचे आणि मंत्र मोठ्याने म्हणायचे. निनाद सूत्रधार, गोष्ट तोच सांगायचा, नियमांचा अर्थही तोच लावायचा. पण कौमुदी खेळायला आली आणि जो तो तिच्या डोक्याची तारीफ करू लागला. निनादच्या पोटात दुखू लागलं.

एका रविवारी त्याने गुहेत असा राक्षस आणला, की सगळ्यांची वर्षभर जपलेली पात्रं मरणार होती. कौमुदीने खणखणीत आवाजात झोपेचा मंत्र म्हटला.

निनादने नियमांचं पुस्तक उघडलं. "हा मंत्र ऐकणारा प्रत्येक जण झोपतो, असं लिहिलंय. राक्षस झोपला, पण तुम्हीही सगळे झोपलात. आता दुसरा राक्षस येतोय."

"अरे, मंत्र शत्रूसाठी असतो ना!" कुणीतरी कळवळलं.

"हेतू नाही, अक्षर बघायचं."

"मान्य," कौमुदी म्हणाली. "मग मंत्र तूही ऐकलास, निनाद. तूही झोपलास. दुसरा राक्षस आणणार कोण?"

"मी खेळातलं पात्र नाही!"

"पुस्तकात तशी सूट कुठे आहे? आणि हेतू बघून तुला सूट असेल, तर आम्हालाही आहे. बोल, तू झोपतोस की आम्ही जागे राहतो?"

एकच हशा पिकला. निनादने मुकाट्याने सगळ्यांना जागं केलं. झोपलेल्या राक्षसाच्या घोरण्याचा आवाज सूत्रधारानेच काढायचा असतो, म्हणून तो घोरू लागला. पण सगळे कौमुदीला टाळ्या देत होते. त्याच्या घोरण्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.